इंग्रज कोण करणार

आमच्या नारायण पेठेतल्या मंडळाचा गणपतीत जिवंत देखावा असतो. स्वातंत्र्याचा. विषय कधी बदलत नाही, कारण आवाज फार पूर्वी रेकॉर्ड केलाय, स्टेजवर आपण फक्त ओठ हलवायचे. तरी गर्दी होते, आणि सिरियसली, शेवटी अख्खा चौक घोषणा देतो तेव्हा मला आजही काटा येतो. देश म्हणजे काय हे मला शाळेत नाही, इथे कळलं. आजूबाजूला सगळी अनोळखी माणसं, आणि तेवढ्या वेळापुरती सगळी आपली.

प्रॉब्लेम एकच, इंग्रज अधिकारी. तो कुणालाच नको असतो, लोक हुर्यो उडवतात. म्हणून आमच्याकडे रीतच पडलीये, गल्लीत जो नवीन राहायला आला त्याला इंग्रजाची टोपी. कुणी ठरवलं माहीत नाही. मजाच वाटायची, मलाही.

गेल्या वर्षी टोपी माझ्या मित्राला मिळाली. अकोल्याचा, आयटीत, आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. विचारल्यावर लगेच हो म्हणाला होता. मग दोन-तीन खेळ झाल्यावर मला जिन्यात भेटला.

"येत्या शनिवारी आई-बाबा येऊन राहिले."

"भारी की मग."

"काय भारी? आईले सांगितलं, मंडळानं मले आपल्यात घेतलं. आता ती एवढ्या लांबून येऊन काय पाहीन? लोक पोराले हाकलून राहिले." मग म्हणाला, "खालचे पोट्टे तर दिवसाही 'चले जाव' म्हणतात मले. दूध आणाले गेलो तरी."

मी हसलो. तो नाही हसला.

मी अध्यक्ष काकांकडे गेलो. ते दिव्यांची माळ सोडवत बसले होते.

"काका, शनिवारी अदलाबदल करू? तो क्रांतिकारक, मी इंग्रज."

"का? बढती हवीये?"

"त्याचे आई-वडील येणारेत."

काकांनी मान वर केली नाही. "बरं. मरताना उजवीकडे पड म्हणावं. डावीकडे जनरेटर आहे."

तर शनिवारी मी टोपी घातली. म्हणजे बघा, ज्या चौकात मी वाढलो, तोच चौक माझ्यावर ओरडत होता. रोज 'जेवलास का रे' विचारणाऱ्या शेजारच्या काकू पुढे उभ्या राहून बोटं मोडत होत्या. नाटक आहे हे त्यांनाही माहीत, मलाही. तरी मी टोपी डोळ्यांवर ओढली. इंग्रज तर कधीच गेले. पण चौकाला एक व्हायला समोर कुणीतरी लागतंच बहुतेक, आणि नवा माणूस त्यासाठी सोपा पडतो. हे मला टोपीखाली उभं राहूनच सुचलं, आधी कधीच नाही.

मित्र उजवीकडे पडला, व्यवस्थित. घोषणा झाल्या, त्याच्या आईच्या डोळ्यात पाणी आलं, बाबांनी अख्खा व्हिडिओ काढला. नंतर आई स्टेजमागे आल्या आणि आधी माझ्या हातावर पेढा ठेवला.

"तुह्यावर लय ओरडले रे लोक," म्हणाल्या. मित्र मागे उभा होता, चेहऱ्यावर रंग तसाच. गल्लीतली पोरं त्याच्याभोवती सेल्फीसाठी गोळा झाली होती. सोमवारपासून त्याला दादा म्हणायला लागली.

यंदाची पहिली मीटिंग परवा झाली. काकांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "इंग्रज कोण करणार?"

सगळे खाली बघायला लागले. मित्रच बोलला. "आपल्या गल्लीत तो नवीन आला ना, लातूरचा, सीए करणारा. उंच आहे. त्याले द्या."

"सुटला प्रश्न," काका म्हणाले.

त्याच्या तोंडून 'आपल्या गल्लीत' मी पहिल्यांदाच ऐकलं. इतकं भारी वाटलं की मी त्याच्या पाठीवर थापच मारली. त्याचं पुढचं 'त्याले द्या' डोक्यात शिरलं ते घरी जिना चढताना. तोपर्यंत काकांनी लातूरवाल्याला फोनही केला होता, आणि मंडळात घेताहेत म्हणून तो खूश होऊन हो म्हणाला होता.