चमच्याऐवजी मिलिलिटर: शरयूताई खांबेटे यांचे काम

शरयूताई खांबेटे यांची आणि माझी पहिली भेट झाली ती न्यू लिन या उपनगरातल्या एका औषधांच्या दुकानात. त्या तिथे फार्मासिस्ट होत्या. मी साताऱ्याहून इकडे परदेशात शिकायला आले आणि इथेच राहिले, लग्न झाले, मुलगी झाली. ती मुलगी, सई, तेव्हा आठ महिन्यांची होती आणि तापाने फणफणली होती. हिवाळा होता, दुकानात सर्दी-तापाच्या माणसांची रांग लागली होती. नवरा सईची बाबागाडी घेऊन दारातच थांबला आणि मी आत शिरले.

काउंटरवरच्या बाईंनी माझे मराठी वळणाचे इंग्रजी ऐकून सरळ मराठीत विचारले, "बाळाचं वजन किती?"

"अठरा," मी म्हणाले.

हे अठरा पौंड होते. आमच्या शेजारच्या लिंडा आजी मोठ्या प्रेमळ. बाळ दिसले की त्या पौंडांतच विचारायच्या. त्यांना सांगता यावे म्हणून तो आकडा मी पाठच करून ठेवला होता. ताईंनी तो किलो समजून हिशेब केला, तापाच्या औषधाच्या बाटलीवर लेबल लावले, पिशवी माझ्या हातात दिली. तेवढ्यात सई रडू लागली म्हणून नवऱ्याने गाडी आत आणली. ताईंनी काउंटरवरून वाकून पाहिले आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हे बाळ? हे अठरा किलोचं कसं असेल? पिशवी दे इकडे आधी."

त्यांनी मागच्या खोलीतून वजनकाटा आणला. सई भरली आठ किलो दोनशे ग्रॅम. लेबलवरचा डोस दुपटीहून जास्त होता, आणि तो मी दोन-तीन दिवस, दिवसातून चार वेळा दिला असता. मला रडू कोसळले. "माझीच चूक," मी म्हणत राहिले. ताईंनी नवे लेबल लावले, पाच मिलिलिटरची सिरिंज हातात दिली, रेघ कुठे धरायची ते दोनदा दाखवले. मग शांतपणे म्हणाल्या, "तू आकडा सांगितलास. किलो की पौंड हे विचारणं माझं काम होतं, आणि वयही मी विचारलं नाही. तू का रडतेस?"

शनिवारी त्यांचा फोन आला. ताप उतरला का, बाळ दूध पिते का, एवढेच विचारायला. रविवारी त्या हिल्सबरोहून गाडी काढून मुगाच्या खिचडीचा डबा घेऊन घरी आल्या. मला इथे आईची उणीव फार जाणवायची. त्या दिवसापासून ती थोडी कमी झाली.

पुढे त्यांनी जे केले, त्यासाठी खरे तर हा लेख लिहिते आहे. ही गोष्ट आमच्या दोघींतच राहिली असती, तर कुणालाच कळले नसते. पण दुकानाच्या मालकांना त्यांनी दुसऱ्याच दिवशी सगळे लेखी कळवले. आणि महिन्याभराने आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात, 'हिवाळ्यात घ्यायची काळजी' असे साधे भाषण ठरलेले असताना, त्या माइकसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी पस्तीस वर्षं औषधं देते आहे. गेल्या महिन्यात मी एका बाळाला चुकीचा डोस लिहून दिला होता. बाळ समोर आलं म्हणून वाचलं."

माझे नाव त्यांनी घेतले नाही, पण माझे कान तापले होते. नंतर चहाच्या वेळी एक बाई कुजबुजल्या, "आता यांच्याकडे कोण औषध घेणार?" ताईंच्या कानावर ते गेले. "घेऊ नका," त्या म्हणाल्या, "पण कुठेही घ्या, वजन किलोत सांगा."

त्यानंतर थोड्याच दिवसांत सँडरिंगहॅमच्या मुख्य रस्त्यावर एका वाणसामानाच्या दुकानाबाहेर त्यांनी शनिवारी सकाळी घडीचे टेबल मांडायला सुरुवात केली. टेबलावर बाळांचा वजनकाटा, सिरिंजांचा डबा, पाण्याचा तांब्या. हाताने लिहिलेला एक फलक: 'घरात ज्या चमच्याने औषध देता, तो घेऊन या.' लोक गाड्या लावून पीठ-भाजी घ्यायला यायचे, हसायचे आणि पुढे जायचे. पहिल्या शनिवारी फक्त मी गेले. दुसऱ्या शनिवारी तिघी आल्या. आमच्या प्रत्येकीच्या चमच्यातले पाणी ताईंनी सिरिंजने मोजून दाखवले. एकीचा चमचा तीन मिलिलिटरचा, दुसरीचा सहाचा, आणि तिघींच्याही घरी औषधाच्या बाटल्यांवर लिहिलेले होते 'एक चमचा'.

सगळ्यात जास्त थट्टा केली ती जोगळेकर काकांनी. काका निवृत्त इंजिनिअर, बोलायला खणखणीत. "शरयूबाई, या देशाने किलो-मीटर घेऊन किती वर्षं झाली! तुम्ही आता कसली चळवळ करताय? आणि माझी उंची पाच फूट सातच राहणार. सेंटीमीटरमध्ये सांगितली तर बायको ओळखणार नाही."

ताई हसल्या. "उंची ठेवा तुमची फुटांत, काका. आमटीला वाटी-फुलपात्रंही राहू देत. माझं म्हणणं औषधापुरतं आहे."

त्या कधीच हट्टी प्रचारक नव्हत्या, हे इथे मुद्दाम सांगायला हवे. मंडळाच्या पाककृतींच्या पुस्तकातली सगळी मापे ग्रॅममध्ये करा, असे काही उत्साही मंडळींनी सुचवले, तेव्हा ताईंनीच 'वाटीही छापा, शेजारी ग्रॅम छापा' असा मधला मार्ग काढला. धाक घालून सवय बदलत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

पुढच्या शनिवारी काका स्वतःचा चमचा घेऊन आले. "पाच मिलिलिटर. बरोबर पाच. लावा पैज." ताईंनी पैज लावली नाही, सिरिंज त्यांच्याच हातात दिली. काकांनी पाच भरून चमच्यात सोडले, मग आणखी एक, आणखी एक. आठ झाले तरी चमचा सांडेना. काकांनी चमचा जपून टेबलावर ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "नातवाला दोन वर्षं मी यानेच औषध देतोय."

बघणाऱ्यांपैकी कुणी काही बोलले असते तर काका कायमचे दुखावले असते. ताईंनी विचारले, "नातू ठणठणीत आहे ना?"

"आहे."

"मग झालं. आता ही सिरिंज घेऊन जा."

त्यानंतर काका दर शनिवारी टेबलाशी उभे राहू लागले. येणाऱ्या-जाणाऱ्याला इथल्या पद्धतीचा नमस्कार घालत "किआ ओरा, चमचा आणलाय का?" असे ओरडून विचारण्याचे खाते त्यांच्याकडेच आहे.

ताईंची चिकाटी मी जवळून पाहिली ती एका पाळणाघराच्या बाबतीत. तिथल्या औषधाच्या फॉर्मवर नुसते 'वजन' आणि 'डोस' असे दोन रिकामे चौकोन होते. कुणी पौंड लिही, कुणी चमचे. ताईंनी पत्रे लिहिली, उत्तर आले नाही. मग त्या स्वतः गेल्या, मला सोबत घेऊन. मॅनेजर बाई नम्रपणे म्हणाल्या, "आजवर कुणाची तक्रार आलेली नाही." ताई म्हणाल्या, "ती येऊ नये म्हणूनच आले आहे." पर्समधून त्यांनी स्वतः टाइप केलेला नमुना काढला: वजन, किलोग्रॅम. डोस, मिलिलिटर. मॅनेजर बाईंनी तो ठेवून घेतला. आम्ही सहा वेळा तरी गेलो असू. दीड वर्षाने नवा फॉर्म आला, आणि शब्द ताईंच्या नमुन्यातले होते. घरी परतताना गाडीत त्या तो कागद मांडीवर धरून बसल्या होत्या.

आणखी एक सांगते. साने आजींना मोतीबिंदूमुळे सिरिंजवरच्या रेघा दिसत नसत, आणि नातीला सांभाळायच्या त्याच. ताईंनी बरोबर डोसाच्या रेघेवर लाल नेलपॉलिश लावून दिले, आणि डोस बदलला की नव्या सिरिंजवर नवी खूण करायला माउंट रॉस्किलला त्यांच्या घरी जाऊ लागल्या. आजींचे ऑपरेशन होईपर्यंत हे चालू होते. याचा उल्लेख ताईंनी कधी केला नाही. मला आजींनीच सांगितले.

सई आता पंधरा वर्षांची आहे. ती मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते. हा लेख लिहिताना तिने विचारले, "मम, व्हॉट डिड शी अ‍ॅक्च्युअली डू?" मी तिला सगळे सांगितले. ती म्हणाली, "शी टोल्ड एव्हरीवन? शी डिडन्ट हॅव टू." शरयूताईंबद्दल मला जे म्हणायचे आहे, ते तिने माझ्या आधी म्हटले.

यंदा ताईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. अलीकडेच त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी शनिवारची उभ्याची कामे काही दिवस बंद ठेवायला सांगितली आहेत. त्या टेबलाशी खुर्ची मागवून बसतात आणि आम्हाला रागावू देत नाहीत. ताई, तुमचा गुडघा लवकर बरा होवो. कुणाचा हात न धरता तुम्ही समुद्रकाठी फिरा, साने आजींकडे गप्पांना जा, आम्हाला हक्काने रागवा. किलो आणि पौंड यांचा घोळ माणसे अजून बराच काळ घालतील. वर्षे मात्र सगळीकडे सारखीच मोजतात. ती तुम्हाला भरपूर मिळोत, आणि त्यातला एकही दिवस अंथरुणात न जावो.