चाळणी मुकादमाचा बिब्बा

चाळणी मुकादम माणसाच्या तोंडाकडं कधी बघायचा न्हाई, दंडाकडं बघायचा. जालन्यात मस्तगडावरून पुढं गेलं की कापसाचं एक जिन होतं. दिवाळीनंतर तिथं आम्हा गड्यांना हमाली आणि बायांना डागी कापूस निवडायचं काम मिळायचं. फाटकाशी पत्र्याच्या पेटीवर हा बसलेला. बाही वर करा, देवी काढल्याचा वण दाखवा, आत जा. वण नसला तर दोनच शब्द, "उद्या ये." उद्या म्हणजे सुई टोचून ये, हे सगळ्यांना कळायचं.

त्याचं खरं नाव हजेरीच्या वहीत असंल. लहानपणी त्याला देवी येऊन गेल्या होत्या, तोंडभर खड्डे. म्हणून समोर मुकादम आणि पाठीमागं चाळणी. त्याला हे ठाऊक होतं. कोणी कुजबुजलं तर मान न वळवता म्हणायचा, "भोकं तोंडालाच न्हाईत, कानालाबी हायेत."

सुई तशी सरकारनंबी सक्तीची केली होती. आमच्या वाटूरला दवंडी व्हायची, जीप यायची, पोलीस पाटील पुढं आणि देवीडॉक्टर मागं. रस्त्यावर धूळ दिसली की अर्धं गाव तुरीत. डॉक्टर बिचारा म्हाताऱ्यांना आणि लंगड्यांना टोचून परत जायचा. म्हणजे ज्यांना पळता येत न्हाई ते वाचले, पळणारे तसेच राहिले. मी आणि माझी बायको कौसा, दोघंबी चांगले पळणारे होतो. पण जिनाच्या फाटकाला तूर नव्हती; मी पोटासाठी टोचून आत गेलो, कौसा मात्र बाहेरच राहिली. मुकादम म्हणायचा, "सरकार सगळ्यांना सांगतं, म्हणून कोणी ऐकत न्हाई. मी एकेकाला विचारतो."

कौसाच्या भीतीला कारण होतं. सुईनं ताप येतो म्हणायचे, आणि तापानं आमचा पहिला पोरगा गेल्ता. आता आठ महिन्यांची पोरगी होती. दीक्षा घेतल्यावर आमच्या घरातले देव नदीत गेले होते, पण देवीची भीती काही पाण्यात गेली न्हाई. हे मुकादमानं बरोबर हेरलं होतं. एकदा मला म्हणाला, "देव सोडले म्हणता, मंग देवीला काहून भिऊन राह्यले?" मला राग आला, बाही खाली ओढून तरातरा आत गेलो.

मंग कौसानं बायांमध्ये चालणारा उपाय केला. बिब्बा तापवून दंडाला डाग दिला. बिब्ब्याचा वण सुईच्या वणासारखा दिसतो, असं कोणीतरी सांगितल्तं. सुईला भिऊन बाईनं बिब्बा लावला. दंड भोपळ्यासारखा सुजला, रात्रंदिवस पाणी गळायचं. पोरीला लावायला मात्र तिचा हात धजला न्हाई. खपली धरल्यावर पोरीला पदराखाली घेऊन ती फाटकावर गेली, मागं मी.

मुकादमानं दंड बघितला. "बिब्बा झकास उतरलाय, बाई. सुई दोन दिवस दुखती, ह्यानं महिना खाल्ला असंल. अन् पोरीला काय लावलं?"

कौसानं पदर घट्ट केला. मी मधी पडलो. म्हणालो, सरकारनं सांगितलं तर एक वेळ समजतं, जिनाचा मालक शेठ कोण आमच्या लेकराचं अंग बघणारा? त्याला माणसाची न्हाई, कापसाच्या गासड्यांची काळजी.

"बराबर हाय," मुकादम म्हणाला. "जिनात देवी निघाली तर जिन बंद, म्हणून शेठ भेतो. पण सुई काय शेठचं मन बघून गुण देती?"

अडलो की मी आवाज चढवतो, ती माझी जुनी खोड. मी ओरडलो, "आमचे दंड बघतो, तुझा दाखव."

त्यानं बाही वर केली. सुईचा वण नव्हता. दोन हंगाम आमचे दंड तपासणाऱ्याचा स्वतःचा दंड कोरा. सगळी रांग हसली. नवा मॅनेजर हापिसाच्या दारात उभा होता. तो म्हणाला, कायदा सगळ्यांना एक, तूबी बाहेर. मला फार बरं वाटलं. मुकादमानं पेटी उचलली, फाटकाबाहेर आला आणि रांगेत कौसाच्या मागं उभा राहिला.

रांगेत तो माझ्याशी बोलला न्हाई, कौसाशी बोलला, हळू. निजामाच्या वक्ती गावात देवी काढणारा आला, तेव्हा आईनं त्याला आणि बहिणीला कणगीत लपवलं. "टोचणाऱ्याला सापडलो न्हाई," तो म्हणाला. "देवीला सापडलो. मी उठलो, बहीण उठली न्हाई."

दुपारी वण नसलेल्यांना टोचायला देवीडॉक्टर फाटकावर आला. मुकादमाचं तोंड बघून म्हणू लागला, "अहो, तुम्हाला तर..." मुकादमानं त्याला तोडलं, "जल्दी टोचा." टोचून घेतल्यावर कौसाला म्हणाला, "आता चार दिवस मला बघ. मला काही झालं तर पोरीला घेऊन पळ."

चार दिवस तो फाटकाबाहेर पेटीवर बसून राहिला, चिलीम ओढत. काही झालं न्हाई. पाचव्या दिवशी डॉक्टर परत आला, तेव्हा कौसानं दंड पुढं केला, मंग पोरीचा. पोरीला दोन दिवस ताप आला. ते दोन दिवस कौसानं मुकादमाच्या सात पिढ्या काढल्या. तिसऱ्या दिवशी पोरगी झोळीत हसायला लागली, तर त्याला भाकर बांधून दिली.

मुकादम परत फाटकाशी कामावर बसला. पुढं देवीचा रोग देशातनंच गेला. फाटकावर दंड बघायचं कारण उरलं न्हाई, तरी त्याची नजर आधी बाहीवरच जायची. काम सोडून तो धावड्याला लेकीकडं निघाला, तेव्हा मी पेटी उचलून मोटारीपर्यंत गेलो. तोवर मला कोणीतरी सांगितलं होतं, की देवी येऊन गेलेल्याला ती सहसा परत येत न्हाई, अन् सुईचंबी त्याला फारसं काही होत न्हाई. मी विचारलं, मुकादम, तुम्हाला हे तेव्हा ठाऊक होतं का?

तो खड्ड्याखड्ड्यांतून हसला. "तुम्ही मला बिब्बा लावला, मी तुम्हाला लावला."

त्यानंतर तो भेटला न्हाई. धावड्यालाच वारला, हे महिन्यानं कळलं.

यंदा कौसा गेली. दवाखान्यात शेवटी शेवटी नर्स शीर शोधत होती. दंडावर दोन वण बघून तिनं विचारलं, आजी, हे काय? कौसाला बोलायला श्वास पुरत नव्हता, तरी बोलली.

"मोठा हाय ना, ती माझी अक्कल. बारका मुकादमाची."

नर्सला काही कळलं न्हाई. पोरगी पायथ्याशी बसून रडत होती. पन्नाशी गाठली तिनं, पण तोंडावर एक खड्डा न्हाई.