खुंट्या नसलेलं घर

बाबा शाळेतून निवृत्त झाले आणि फंडाची सगळी रक्कम त्यांनी पिंपळगाव राजातल्या एका पडक्या धाब्याच्या घरात घातली. राहायला नव्हे, विकायला. पडकं घर स्वस्तात घ्यायचं, नीटनेटकं करायचं, नफ्यात विकायचं, मग दुसरं घ्यायचं. जन्मभर पोरांचं शुद्धलेखन तपासलेल्या माणसाच्या डोक्यात हे खूळ कुठून शिरलं, देव जाणे. मी मॅट्रिकच्या निकालाची वाट बघत होते. मला त्या व्यवहारातलं ओ का ठो कळत नव्हतं. कळायचं ते एवढंच, की म्हातारपणासाठी आई-बाबांकडे दुसरं काही उरलेलं नाही.

धाब्यावर नवी माती पडली, भिंतींना चुना लागला, दार रंगलं. तरी गिऱ्हाईक फिरकेना. बंद घराला आमच्याकडे कोणी हात लावत नाही. चूल पेटत नाही म्हणजे तिथे काहीतरी वाईट असणार, असं लोक धरून चालतात. म्हणून मग आम्हीच तिथे राहायला गेलो. घर विकता यावं म्हणून त्यात राहायचं! माझा पार गोंधळ उडाला.

"भितीले खिळा ठोकू नका, खुंटी ठोकू नका," बाबांनी बजावलं. "आपल्याले राह्याचं नाही, इकाचं हाय."

त्यामुळे कपडे ट्रंकेवर, कंदील जमिनीवर, देव पाटावर. आईची दिवसभर कुरकुर चाले. विहिरीचं पाणी खारं, डाळ शिजत नाही, शेजार धड नाही. "कवा सुटन या घरातून," म्हणायची आणि लगेच ओटा सारवायला बसायची. एकदा तिने परसात वालाचा वेल लावला.

"माय, आपल्याले जायाचं हाय ना?" मी विचारलं.

"मंग? वाल लावू नाही का?"



शेवटी एक गिऱ्हाईक आलं. जवळच्या खेड्यातला शेतकरी, पोरांच्या शाळेसाठी घर शोधणारा. सोबत त्याची म्हातारी आई. ओसरीवर किंमत ठरली. बाबा इतके खुशीत, की त्यांनी मला पेढ्यांना पिटाळलं. मी पुडा घेऊन आले तरी कोणी उठलं नव्हतं, कारण एक गोष्ट राहिली होती. तिकडच्या जुन्या माणसांत पुरुषांनी किंमत ठरवली म्हणजे घर विकलं असं होत नाही. घरच्या बाईने स्वतःच्या तोंडाने 'राजीखुशीनं देते' म्हणावं लागतं, नाहीतर घेणाऱ्याला ते घर लाभत नाही. म्हातारी चुलीपाशी येऊन बसली.

"मास्तरीणबाई, राजीखुशीनं देता ना घर?"

आईने परातीत पीठ घेतलं. म्हातारीने पुन्हा विचारलं. आईने दारातल्या बाबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि परातीतलं पीठ मळत राहिली. आता म्हणेल, आता म्हणेल, असं मला वाटत होतं. नुसतं हो तर म्हणायचं होतं.

म्हातारी उठली. "चाल बापा," मुलाला म्हणाली, "बाईचं मन नाही." बाबांनी नाना परींनी विनवलं, पण ते दोघं बैलगाडीत बसून निघून गेले.

"काऊन बोल्ली नाही तू?" बाबांचा आवाज चढला. "रोज तर जाऊ जाऊ करून राह्यली!"

आई रडत नव्हती, रागावलीही नव्हती. ती खरोखरच गोंधळली होती.

"मले काय माहीत," ती म्हणाली. "फंडाचं इचारलं नाही, घराचं इचारलं नाही, इथं यायाचं इचारलं नाही. आज पयल्यांदा कोनी इचारलं. मले जबाबच सुचला नाही."

मला दोघांचीही दया आली. बाजू कोणाची घ्यावी ते तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा सुताराकडून लाकडी खुंट्या घेऊन आले. हातोडी घेऊन भिंतीपुढे उभे राहिले आणि त्यांनी आईला हाक मारली.

"सांग, कुठं ठोकू?"

आई पदराला हात पुसत आली. तिने चारही भिंतींकडे नीट बघितलं, पण तिला काही सांगता येईना. बाबा हातोडी धरून तसेच थांबले.