शेंगा फोडण्याच्या यंत्राचा निकाल

मामाने नोकरी सोडली तेव्हा त्याच्याजवळ स्वतःचे म्हणावे असे एकच होते, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याच्या यंत्राचा आराखडा. नगरच्या एका कारखान्यात तो फिटर होता. दुसऱ्यांच्या नकाशांबरहुकूम सुटे भाग घडवण्यात त्याची पंधरा वर्षे गेली होती. नेवाशाच्या एका बियाणे व्यापाऱ्याने त्याच्याकडे पहिले यंत्र मागितले आणि दोघांनी स्टँपपेपरवर करार केला. त्यातली मुख्य अट एका ओळीची होती: शंभर दाण्यांमागे पाचांहून अधिक दाणे फुटता कामा नयेत. फुटलेला दाणा उगवत नाही, तेव्हा अट रास्तच होती. यंत्र कसोटीला उतरले तर तालुक्यातले इतर व्यापारीही मागणी करणार होते. न उतरले तर मामाला पुन्हा त्याच कारखान्याच्या दारात उभे राहावे लागणार होते.

यंत्र नेवाशाला पोचले आणि पंधरा दिवसांत वाद सुरू झाला. व्यापारी म्हणे, दाणे फुटतात. मामा म्हणे, चालवणाऱ्याला चालवता येत नाही. कोर्टात जाण्यापेक्षा तिसऱ्याने चाचणी घेऊन निकाल द्यावा असे ठरले, तेव्हा व्यापाऱ्यानेच माझे नाव सुचवले. मी नुकतीच पदार्थविज्ञानात एम.एस्सी. होऊन कॉलेजच्या प्रयोगशाळेत लागले होते, आणि पुण्याला संशोधनासाठी अर्ज केला होता.

"तुमची भाची असली म्हणून काय झालं?" तो मामाला म्हणाला. "शास्त्र शिकलेल्या माणसाचा तराजू मामाकडं बघून झुकायचा नाही."

"झुकू द्या की जरासा," मामा हसून म्हणाला. "खांद्यावर बसवून जत्रा दाखवलीय तिला."

तो विनोद मला रुचला नाही. आपण झुकणार नाही, हे सर्वांना दिसले पाहिजे, असे मी त्याच क्षणी ठरवून टाकले.

चाचणी व्यापाऱ्याच्या गोदामात झाली. मी करार दोनदा वाचला होता आणि पद्धत लिहून आणली होती. तीन पोती घ्यायची, प्रत्येकाच्या तोंडाशी, मध्ये आणि तळाशी असलेल्या शेंगा एकत्र करायच्या, यंत्राचा दांडा शेवटपर्यंत एकाच माणसाने फिरवायचा. सारे मांडून होते न होते तोच मामा पाण्याची बादली घेऊन आला.

"आज शेंगांवर पानी मारून झाकून ठिवू. चाचनी उद्या घे."

"करारात पाण्याचा उल्लेख नाही, मामा."

"अगं, ते काय लिवायचं असतं? बियाच्या शेंगा कोन कोरड्या फोडतं? टरफल नरम झालं का दाना सुखरूप निघतो."

"बाया हातानं फोडतात तेव्हा भिजवतात, ते ठाऊक आहे," व्यापारी म्हणाला. "पण मशीनलाही आंघोळ घालावी लागते हे कुणी सांगितलं नव्हतं बुवा."

हमाल मोठ्याने हसले. मीही हसले. मग वही उघडून म्हणाले, "जे लिहिलेलं नाही, ते मी धरणार नाही."

मामाने बादली भिंतीशी नेऊन ठेवली.

पहिल्या खेपेला शंभरात अकरा दाणे फुटले, दुसऱ्या खेपेला चौदा, तिसऱ्या खेपेला बारा. मी तिथेच निकाल लिहिला: यंत्र अटीस उतरत नाही, करार रद्द, यंत्र मामाने परत न्यावे. मामाने तो वाचलाही नाही. सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवत म्हणाला, "अक्षर लई चांगलं हाय तुजं."

त्याच महिन्यात तो कारखान्यात परत गेला.

माझ्या मनात मात्र एक साधा प्रश्न घर करून राहिला: मी नेमके काय मोजले होते? एका रविवारी मी त्याच पोत्यांतल्या थोड्या शेंगा मागवून घेतल्या, आदल्या दिवशीच त्यांवर पाणी मारून गोणपाटाखाली ठेवल्या आणि मामा कामावर असताना त्याच्या शेडमध्ये गेले. मामीने दार उघडून दिले. यंत्र कोपऱ्यात तसेच उभे होते. त्याच तीन खेपा केल्या. फुटलेले दाणे निघाले तीन, चार आणि तीन.

मी सुधारलेला निकाल लिहिला आणि व्यापाऱ्याला पाठवला. त्याचे उत्तर सभ्य होते. त्याने दुसरीकडून यंत्र आणले होते. तालुक्यातल्या इतरांनीही तिकडेच मागणी नोंदवली होती. आता निकाल बदलून कोणाचेच काही बदलणार नव्हते. तरीही त्याची प्रत घेऊन मी पाळी सुरू होण्याच्या वेळी कारखान्याच्या फाटकाशी गेले.

मामाने या वेळी सारे वाचले, उभ्याउभ्याच, आकड्यांवर बोट फिरवत.

"बराबर हाय," तो म्हणाला. मग त्याने विचारले, "तुजी आई बियाच्या शेंगा कशी फोडायची, तुला ठावं न्हवतं व्हय?"

"होतं."

"त्या दिवशीबी?"

"त्या दिवशीही."

पद्धत, पुरावा, तटस्थता हे सारे शब्द मी वाटेत जुळवून ठेवले होते. मामाने कागदाची नीट घडी केली आणि ती खिशात न ठेवता माझ्या हातात परत दिली.

"घरला जा. ऊन व्हतंय," तो म्हणाला.

भोंगा वाजला आणि तो आत गेला. सगळ्यांच्या अंगावर एकसारखे खाकी कपडे होते. त्यांत तो कोणता, हे मला थोड्याच वेळात ओळखू येईनासे झाले.