ठिपक्यांच्या कानांची शेळी

परवा मुखेडच्या बाजारात एका काळ्या शेळीनं माझा हात हुंगला. कानांवर पांढरे ठिपके होते. तो उग्र वास नाकात शिरला आणि मला माझी माय दिसली.

शेजारी लातूर नवा जिल्हा झाला, त्या सुमाराचा दुष्काळ. वस्तीतल्या बऱ्याच शेळ्या मेल्या. आमची ठिपकेवाली मात्र बाभळीच्या शेंगांवर जगली आणि वर जुळी व्याली. दोन्ही बोकडच, एक दांडगा, एक बारका. मोठे झाल्यावर खाटीक दारात आला. तेव्हाची रीत अशी, की दांडगा बोकड कापायला जायचा आणि किडमिडा मागं उरायचा. पुढची करडं त्याचीच व्हायची.

घरात पीठ नव्हतं. तरी माय म्हणाली, "बारका ने. दांडगा वस्तीच्या शेळ्यांना ऱ्हाईल. चांगलं चांगलं इकलं तर मागं काय उरंल?"

बारक्याचे पैसे थोडेच आले. आम्ही कण्यांवर भागवलं. मला तिचा लई राग आला होता.

परवाची ती शेळी आमच्याच वस्तीतली निघाली. विकणारी पोरगी म्हणाली, "घ्या मावशी, काटक जात हाय. जुळी देती. देवाची देन हाय."

"देवाची न्हाई, बाई," मी म्हणाले. "आधी दुष्काळानं निवडली, मग माझ्या मायनं."