बांगड्यांवरची बाही

तळवड्याला आमच्या खालच्या मजल्यावर कस्तुराबाई राहतात. मूळच्या लातूरकडच्या. निघोज्याजवळच्या एका कारखान्यात त्यांनी अकरा वर्षं गाड्यांचे रंगवलेले भाग पुसून खोक्यांत भरले. काचेच्या बांगड्यांनी रंगावर ओरखडा पडतो, म्हणून लाईनवरच्या बायकांना शिफ्ट सुरू होताना मनगटाभोवती चिकटपट्टी गुंडाळावी लागते. सुटताना ती ओढून काढायची. केस उपटतात, कधी बांगडी फुटून काच रुतते. कस्तुराबाईंच्या डाव्या मनगटावर तसा व्रण आहे.

त्यावर उपाय त्यांनीच काढला. जुन्या ओढणीची, दोन्ही टोकांना इलॅस्टिक लावलेली वीतभर बाही. बांगड्यांवर चढवली की झालं. कंपनीच्या बसमध्येच दोनशे जोड खपले.

मग नवा ठेकेदार आला. त्याने फर्मान काढलं: पट्टी नको, बाही नको, बांगड्याच काढून या. कस्तुराबाईंनी काढल्या नाहीत; घरी बसल्या आणि मोबाईलवर बाह्यांचं दुकान उघडलं. जागा दोन महिने ठेवतो, एक तारखेला या, असा निरोप आला. त्यांचे यजमान ज्योतीराम म्हणाले, "तोवर मोबाईलवरचं दुकान चाललं तर चाललं. न्हाईतर बांगड्या काढ आन जा."

दुकानाची विक्री वाढवून देण्यासाठी प्रज्वलला आणलं होतं. सांगवीत त्याचं कार्यालय, बोलणं गुळगुळीत. त्याने एका नाजूक, गोऱ्या, रिकाम्या हाताचा फोटो टाकला आणि वर लिहिलं, 'स्टायलिश हँड स्लीव्ह'. महिन्याभरात बावन्न जोड गेले, एकेचाळीस परत आले.

माझी उभी नोकरी मालाच्या परतीचे कागद लावण्यात गेली. तरी मीही आधी 'किंमत उतरवा' म्हणून बसलो. लाज वाटावी असा सल्ला. परत का केलं, हे गिऱ्हाइकांनी लिहिलेलं असतं आणि ते आम्ही कोणी वाचलंच नव्हतं. एका रविवारी बसून वाचलं. 'कोपरापर्यंत येत नाही.' 'स्कूटरवर हाताला ऊन लागतं.' एकेचाळिसांपैकी छत्तीस जण स्कूटरवाले! ज्यांच्यासाठी बाही शिवली, त्यांतल्या एकीनेही ती मागवली नव्हती.

मी ते सगळं प्रज्वलपुढे ठेवलं. तो हसला. "सोप्पंय काका. मावशी, बाही कोपरापर्यंत लांब करा."

"आन लाईनवर कोपरापातूर कापड घालून घामानं मरायचं बायांनी?"

"लाईनवाल्या बायका ऑनलाईन घेत नाहीत, मावशी."

"बसमध्ये तासभर काय बघत्यात मग त्या मोबाईलात? तुझं तोंड?"

"बरं, फोटोत बांगड्या दिसल्या की गावठी वाटतं."

शिलाई मशीन थांबलं. कस्तुराबाई उठल्या. डावा हात त्यांनी त्याच्या नाकासमोर धरला. डझनभर हिरव्या बांगड्या, खाली तो व्रण.

"ह्या हाताला गावठी म्हणतोस? ह्या हातानं पुसलेल्या गाडीत बसताना न्हाई वाटत गावठी? काढ तुझा तो मेणाचा हात माझ्या दुकानातून. आत्ता काढ. मी बघतीय."

त्याने काढला. चहा न पिताच गेला.

मग त्यांनी मला खिडकीपाशी उभं केलं आणि दोन फोटो काढायला लावले. एक बांगड्यांचा, व्रणासकट. दुसरा त्याच हातावर बाही चढवलेला. खाली त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिलं: 'लाईनवर बांगड्यांवर घालायची बाही. पट्टी लावायला नको. वीतभरच आहे. उन्हासाठी घेऊ नये.'

शेवटचं वाक्य गाळावं असं मला वाटलं होतं. "गिऱ्हाईक कमी होईल," मी म्हणालो.

"चुकीचं गिऱ्हाईक कमीच होऊ द्या, साहेब."

आठवडाभर काही नाही. मग कारखान्यांच्या भागांतून मागणी आली: रांजणगावहून सहा जोड, वाळूजहून नऊ, सातपूरहून एकीने एकदम वीस मागवले. शिवणाला जागा लागेल म्हणून ज्योतीरामांनी पलंग भिंतीला सरकवला.

एकोणतीस तारखेला ठेकेदाराचा फोन आला. "काय बाई, परवा येताय ना? बांगड्या काढून?"

"येत न्हाई. बांगड्या हायेत तिथंच हायेत. आन तुमच्याच लाईनवरच्या चौदा जणींनी काल माझ्याकडं बाह्या मागिवल्यात. घालू नका म्हणून सांगून बघा त्यांना."

फोन तिकडून बंद झाला. मी शाबासकी द्यायला तोंड उघडलं, तर त्यांनी परत आलेलं एक पाकीट माझ्यापुढे आपटलं. वाळूजच्या एकीने कारण लिहिलं होतं: 'इलॅस्टिक सैल आहे.'

"हिचं बरोबर हाय," असं रागानेच म्हणत त्या मशीनवर बसल्या.