खोल्यांच्या मुलाखती

वर्षभर मी माणसांच्या मुलाखती घेते आहे असं समजत होते. प्रत्यक्षात मी खोल्यांच्या मुलाखती घेतल्या. हे उघडकीला आलं तेव्हा चौथी फेरी चालू होती. जरीवालासाहेबांच्या टेबलावर माझे फॉर्म पसरले होते आणि ते चष्मा कपाळावर चढवून एकाच कागदाकडे बघत बसले होते.

"उषाबेन," ते म्हणाले, "हा चौदा नंबरच्या खोलीवाला. पहिल्या फेरीत याची उमर एक्केचाळीस. आता तेवीस. सुरतच्या पाण्यात एवढं शुं छे? मला पण सांगा, मी पण पिईन."

मी हसले. साहेबांनी विनोद केला की हसायचं, एवढं ऑफिसचं वळण मला होतं. ते हसत नव्हते, हे जरा उशिरा लक्षात आलं.

आता नीट सांगते. माझी नात हे वाचेल आणि म्हणेल, आजी, तू एवढी बावळट होतीस? होते गं. त्यातून काळा गॉगल लावून लुनावर फिरणारी बावळट होते, म्हणजे लांबूनही ओळखू येत असे.

सुरतेत चौऱ्याण्णव साली प्लेग आला, त्याला दोन-तीन वर्षं उलटली होती. यजमानांची बँकेतली बदली नाशिकहून सुरतेला झाली आणि घरात बसून मी कंटाळले. एका अभ्यास करणाऱ्या संस्थेला मराठी बोलणारी बाई हवी होती, कारण उधन्याच्या पलीकडच्या वस्त्यांमध्ये सगळे खानदेशातून आलेले कामगार. मला घेतलं. पदाचं नाव फील्ड इन्व्हेस्टिगेटर. हे नाव मी माहेरी पत्रात दोनदा लिहिलं.

काम असं होतं. कामगारांना आपल्या नोकरीचा आणि एकूण बाजाराचा भरवसा किती वाटतो, तो काळाप्रमाणे वाढतो की घटतो, हे मोजायचं. त्यासाठी पॅनल करतात. पॅनल म्हणजे ठरावीक माणसं. आज ज्यांना विचारलं, चार महिन्यांनी पुन्हा त्यांनाच विचारायचं, नंतर पुन्हा त्यांनाच. उत्तरांना गुण द्यायचे, बेरीज करून एक आकडा काढायचा, आणि तो ग्राफवर ठिपक्यासारखा मांडायचा. ठिपके जोडले की रेघ. रेघ वर गेली तर लोकांना भरवसा वाटतोय, खाली आली तर धास्ती आहे.

प्रश्न पुष्कळ होते, पण मुख्य तीन. सहा महिन्यांनी हे काम असेल असं वाटतं का? हे सुटलं तर महिन्याभरात दुसरं मिळेल का? आणि गावाकडच्या भावाला इथे कामाला बोलवाल का? तिसरा प्रश्न साहेबांचा लाडका. ते म्हणायचे, "स्वतःबद्दल माणूस फुशारकी मारे. भावाबद्दल खरं बोले."

पहिली फेरी छान झाली. दुसऱ्या फेरीत चौदा नंबरच्या खोलीशी गेले. तिथे रामदास नावाचा लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवणारा कामगार राहायचा. खाटेवर दुसराच कोणी बसून दाढी करत होता.

"रामदास कुठे?"

"तो गेला ना गावी. मी आलो त्याच्या जागेवर."

"म्हणजे?"

"त्याचीच खाट, त्याचाच लूम, त्याचीच पाळी. काय विचारायचंय ते मला विचारा ना, ताई. मी काय वाईट आहे का?"

अजिबात वाईट नव्हता. सूचनापत्रात स्पष्ट लिहिलं होतं की माणूस सापडला नाही तर तीनदा जायचं, शेजाऱ्यांना विचारायचं, कुठे गेला आणि का गेला ते लिहायचं, आणि त्या फॉर्मवर 'गळती' असा शेरा मारायचा. ते मी वाचलं होतं. खाली सहीसुद्धा केली होती. पण ऊन मी म्हणत होतं, लुनाचं पेट्रोल संपत आलं होतं, आणि माझं डोकं फार हुशार होतं. डोकं म्हणालं, खाट तीच, लूम तोच, पाळी तीच. माणूस तेवढा बदलला. त्याला काय एवढं!

मी 'रामदास' खोडलं, वर नवीन नाव लिहिलं आणि मुलाखत पुरी केली. नव्या गड्याला काम लागून तीन आठवडे झाले होते. वय अवघं तेवीस. तीनही प्रश्नांना त्याने जोरात "हो" म्हटलं. भावाला बोलवाल का? "दोघं भाऊ हायेत, दोघांना बोलवतो."

मग मला सवयच लागली. बंद खोलीच्या पायरीवर बसून वाट बघायची नाही, शेजारी चौकशी नाही. खोलीत जो असेल तो आपला. फेरीअखेर इतर इन्व्हेस्टिगेटरांच्या फॉर्मवर गळतीचे शेरे होते. माझ्या साठ नावांत एकही नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि भिंतीवरचं घड्याळ बक्षीस दिलं. ते घड्याळ मी हॉलमध्ये दाराच्या बरोबर समोर लावलं. पाहुण्यांनी वेळ विचारली नाही तरी मी सांगायची.

माझ्या वस्तीची रेघ वर चढत गेली. दुसऱ्या फेरीत चढली, तिसऱ्या फेरीत आणखी चढली. मी तर मनाशी अशी वागायला लागले की जणू सुरतेतली नोकऱ्यांची तेजी मीच आणली.

आता सुपडूभाऊंबद्दल सांगायला हवं. इथवर थट्टा जमली. पुढे जमेल का, माहीत नाही.

सुपडूभाऊ पलसाण्याकडच्या एका प्रोसेस हाउसमध्ये होते. प्रोसेस हाउस म्हणजे कोरं कापड रंगवून, छापून देणारा कारखाना. बारा वर्षं रंगाच्या मशीनवर. हातांची नखं कायम निळी नाहीतर जांभळी. ते माझ्या पॅनलमधले खरे, न बदललेले गृहस्थ. बायको कमलबाई आणि दोन मुली बरोबर असल्यामुळे त्यांची खोली हलली नव्हती. कमलबाई माझ्याशी मराठी सांभाळून बोलायच्या, पण मुलींवर ओरडताना अहिराणी सुटायची.

तिसऱ्या फेरीत मी गेले तेव्हा कमलबाई नळावर पाण्याला गेल्या होत्या. मी पहिला प्रश्न विचारला. सुपडूभाऊंनी उलट मलाच विचारलं.

"ताई, तुम्ही एवढ्या लोकांना विचारता. लोक काय म्हनता? सुरतमा काम ऱ्हाई का नही?"

"का हो?"

"पारोळ्याकडं आमचे मामा आहेत. त्यांनी आश्रमशाळेत शिपायाच्या जागेसाठी शब्द टाकलाय. आठ दिवसांत हो-नाही सांगायचंय. इथं सेठ म्हनतो माल उठत नही. कमल म्हनते गावी चला. मला काही सुचत नही."

आमचा नियम होता की उत्तरं घ्यायची, द्यायची नाहीत. आपलं मत चुकूनही सांगायचं नाही. पण दुसऱ्या कुणी मला कधी काही विचारलं होतं? यजमान तर भाजीलासुद्धा विचारत नसत. मी पिशवीतून ग्राफचा कागद काढला, त्यांच्या पुढ्यात धरला आणि बोट फिरवून दाखवलं.

"हे बघा भाऊ. ही मागच्या वर्षीची सुरुवात. ही दुसरी फेरी. लोकांना भरवसा वाटतोय. रेघ वर चाललीय. थोडं थांबा, बाजार सुधारतोय."

त्यांनी तो कागद हातात घेतला. रेघेवरून निळं नख हळूहळू वर नेलं. म्हणाले, "कागदावर आहे म्हनजे बरोबरच असंल."

मग मी त्यांना तीन प्रश्न विचारले. त्यांनी तिन्हींना "हो" म्हटलं. माझी रेघ आणखी एका "हो"ने वर गेली.

त्यानंतर चार महिन्यांनी जरीवालासाहेबांच्या टेबलासमोर मी उभी होते आणि ते सुरतच्या पाण्याबद्दल विचारत होते.

"सर, रामदास गावी गेला," मी म्हणाले. "पण खोली तीच आहे."

"खोली तीच आहे."

"हो सर. नंबर तपासून बघा."

साहेबांनी कपाळावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग अगदी हळू म्हणाले, "बेन, खोलीला थोडीच नोकरी पाहिजे?"

त्यांनी एकेक फॉर्म काढायला लावला. खोडलेली नावं मोजायला लावली. साठांतली तेवीस माणसं वर्षभरात बदलली होती आणि मी प्रत्येकाच्या जागी नवा माणूस बसवला होता. मग साहेबांनी मला एक साधी गोष्ट समजावली. तोपर्यंत ती माझ्या हुशार डोक्यात शिरली नव्हती. ज्याचं काम सुटतं तो खोली सोडतो. त्या खोलीत कोण येतो? ज्याला नुकतं काम लागलंय तो. म्हणजे मी दर फेरीला घाबरलेला माणूस काढून टाकत होते आणि खुशीतला माणूस भरत होते. माणसं जितकी उठून जात होती, तितकी माझी रेघ वर चढत होती.

"आता जा," साहेब म्हणाले. "तेवीसच्या तेवीस शोधा. सापडतील ते लिहा. नाही सापडले तर का नाही, ते लिहा. पछी नवी रेघ काढू."

नोकरीवरून काढलं असतं तर सोपं गेलं असतं. त्यांनी काढलं नाही.

मी तीन आठवडे फिरले. किराणावाल्यांना विचारलं, चहावाल्यांना विचारलं, खोलीमालकांच्या शिव्या खाल्ल्या. कोणी गावी शेतमजुरीला गेलेला, कोणी इच्छापोरला रोजंदारीवर, कोणी कामरेजला विटा उचलत होता. रामदासचा लूम बंद पडला होता. दोन महिन्यांनी मालकाने तो पुन्हा सुरू केला आणि कमी दरात नवा पोरगा ठेवला. खरी माहिती भरून रेघ काढली. ती पहिल्या फेरीपासूनच उतरत होती.

त्या तीन आठवड्यांत एक दार मी सारखी टाळत होते. सुपडूभाऊ माझ्या तेवीसांत नव्हते, खोली सोडून गेले नव्हते, म्हणून तिथे जायला मला कारण नव्हतं. निदान मी स्वतःला तसं सांगत होते. चौथ्या फेरीचा त्यांचा फॉर्म मात्र बाकी होता. शेवटी एका दुपारी गेले.

सुपडूभाऊ घरी नव्हते. कमलबाई साड्यांना टिकल्या चिकटवत बसल्या होत्या. हे काम मागच्या वेळी घरात नव्हतं.

"प्रोसेस बंद झाली, ताई. तुम्ही येऊन गेल्या त्याच्या पुढल्याच महिन्यात." टिकली चिकटवता चिकटवता त्या बोलत होत्या. "सकाळी डबा घेऊन निघतात. इच्छापोरच्या फाट्यावर उभे राहतात. कोणी नेलं तर नेलं."

"आणि ती आश्रमशाळेतली जागा?"

"ती दुसऱ्याला गेली. मी सांगत होती, चला, चला. ह्यांनी ऐकलंच नाही. आठ दिवस मान हलवत बसले आन मग म्हनतात, नही जानं. का? तं काही नही. मनमा नही. एवढंच." त्यांनी टिकली जोरात दाबली. "माझ्या माहेरी पन सांगितलं मी, की याले संसार कळत नही."

सुपडूभाऊंनी बायकोला माझं नाव सांगितलं नव्हतं. त्या कागदाबद्दल एक शब्दही नाही.

त्याच क्षणी उठून निघून यायची इच्छा मला झाली होती, हेही लिहून ठेवते. कोणाला कळलं नसतं. पण मांडीवरच्या त्या फॉर्मवर सुपडूभाऊंचं नाव होतं, न खोडलेलं. माझ्या कागदांत अशी नावं थोडी उरली होती.

मी सांगितलं. नळावर तुम्ही गेला होतात तेव्हा त्यांनी मला विचारलं. मी रेघ दाखवली. रेघ खोटी होती, आणि ती माझ्यामुळे खोटी होती. हे सांगायला मला वाटलं त्यापेक्षा कमी वेळ लागला. लाज मात्र अजून पुरते आहे.

कमलबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी साडी बाजूला सारली, उठून पाणी आणलं, माझ्यापुढे ठेवलं. मी प्यायले नाही.

या कामात मी पुढे पुष्कळ वर्षं काढली. नव्या मुलींना शिकवताना एकच गोष्ट घोकून घ्यायची. जो समोर बसून उत्तर देतो त्याच्यावर वेळ कमी घालवा, जो सापडत नाही त्याच्यावर जास्त घाला. बाजाराची बातमी त्याच्याकडे असते. मुली वहीत लिहून घ्यायच्या. मला कोण शिकवून गेलं ते मी सांगत नसे.

त्या दुपारी मी निघाले तेव्हा कमलबाई गल्लीच्या तोंडापर्यंत माझ्याबरोबर आल्या. मी लुनाला किक मारणार, एवढ्यात त्यांनी हँडलवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तीन महिने मी त्यास्ले नको नको ते बोलत राहिली, ताई, आन त्यांनी मान खाली घालून ऐकलं. आता ते बोलनं मी माघारी कसं घेऊ? तुमच्या फारममा असलं काही लिखेल शे का?"